झाकणावरची पुस्तकं

३ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तू परगावी नोकरीवर रुजू झालीस आणि इकडे आपल्या म्हाताऱ्या वॉशिंग मशीनने संप पुकारला. कपडे घुसळतं, पाणी सोडतं, पण पिळायची वेळ आली की तीन शिट्ट्या मारून गप्प. मेकॅनिक आला, तर त्याच्यासमोर असं गरगरलं की मीच खोटी पडले. त्याने जिना उतरल्यावर पुन्हा तेच रडगाणं. तुझा नवरा चादरी पिळतो, पण त्यात फरशीच जास्त भिजते. माझं मनगट सुजलंय. तुझे सासरे म्हणतात, मशीनला सूनबाईचीच सवय, तिलाच परत बोलवा.

तू नेमकं काय करायचीस गं? काही न वगळता कळव.

तुझी आई

८ मार्च

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

मनगटाला जपा, आता चादरी पिळू नका. मी वेगळं काहीच करत नव्हते. कपडे सैल टाकायचे, झाकण लावायचं आणि शेजारी स्टुलावर बसून परीक्षेचा अभ्यास करायचा. पुस्तकं झाकणावर. तुम्ही ओरडायचात, तरी ठेवायचेच. चार वर्षं अशीच गेली.

बाबा थट्टेनेच बोलले असतील, पण मनाला लागलं. माझ्यापायी घर अडत असेल तर नको ही नोकरी. राजीनामा लिहून ठेवलाय, तुमचं उत्तर आलं की देते. मेकॅनिक कुठे उभा होता हो?

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची सून

१३ मार्च

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

आधी राजीनामा फाड, मग पुढचं वाच.

मेकॅनिक झाकणावर दोन्ही कोपरं टेकून चहा पीत होता! मी लगेच मशीन लावलं आणि तुझ्या सासऱ्यांना तसंच उभं केलं. गरगर सुरू. कोपरं उचलली, बंद. तासभर आम्ही पोरांसारखे हेच करत होतो. तेवढ्यात त्यांनी कबूलही केलं की आपण उगाच बोललो.

मग प्लग काढून, चष्मा लावून पाहिलं. झाकणाखालची खुंटी आतलं बटण दाबते, ती झिजलीय. वर वजन नसलं की मशीनला वाटतं झाकण उघडंच आहे. जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा खुंटीला चिकटवला. आता व्यवस्थित चालतं.

म्हणजे इतके दिवस तुझ्या जाडजूड पुस्तकांनीच ते चालवलं, आणि त्यांच्यावरूनच मी तुला रोज बोलत होते. फार वाईट वाटलं गं.

सुट्टीला येशील तेव्हा मळके कपडे घेऊन ये. मशीन मी लावीन. तू स्टुलावर बस आणि झाकणावर हवं ते ठेव.

तुझी आई