फाटकाबाहेर आलेला एप्रन

३ जून
विषाणूमुळे गाठ होते, की गाठ झाल्यावर विषाणू तिथे बस्तान मांडतो? काल मुलाखतीत प्रयोगशाळेच्या मॅडमनी विचारलं. मला येत नाही, असं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आम्हालाही येत नाही, उद्यापासून ये.

तर आज पहिला दिवस! घरातली पहिली पदवीधर मी, आणि काम डुकरांच्या कर्करोगावर. शेड सांभाळणाऱ्या मामांनी चेष्टा केली, पदवी जपून ठेव गं, इथली मंडळी कागदसुद्धा खातात. रोज सकाळी प्रत्येक डुकरिणीच्या जबड्याखाली बोटं फिरवून गाठी चाचपायच्या. कपडे फाटकाच्या आतच बदलायचे. एप्रन बाहेर न्यायचा नाही.

९ जून
एप्रनच्या खिशावर माझं नाव शिवलंय. आईला ते बघायचं होतं, म्हणून पिशवीत लपवून नेला. तिने तो अंगावर चढवला आणि शेजारच्या काकूंना हाक मारली, डॉक्टरीणबाई आल्यात, जीभ दाखवा! मग मी नको नको म्हणत असताना हाताने घासून धुतला. भांडी घासून तिची बोटं कायम चिरलेली.

२४ जून
कानावर ठिपका असलेली डुकरीण खात नाही. भिंतीला कपाळ टेकून उभी असते. मामा म्हणाले, गाठवाल्या शेवटी अशाच उभ्या राहतात, हाकेला वळत नाहीत. आज तिची पिल्लंही भिंतीकडे तोंड करून उभी होती. सगळी.

११ जुलै
आईची वेणी घालताना बोटं सवयीने जबड्याखाली गेली. गाठ. आई म्हणाली, दाढेची असेल, तुला मेलीला सगळीकडे डुकरंच दिसतात. दोघीही हसलो.

१९ जुलै
आईच्या गाठीतला नमुना सुईने काढला, डुकरिणीचा म्हणून तपासायला दिला. तोच विषाणू. गाठीचं कारण, की नुसता पाहुणा, कोण जाणे. पण तोच.

२६ जुलै
दूध उतू गेलं. आई ओट्यापाशी, भिंतीला कपाळ टेकून. मी हाक मारली. पुन्हा मारली —

२९ जुलै
माझ्याही गळ्याखाली —
मॅडमना फोन करून सगळं खरं सांगितलं. ताईला कळवलं, येऊ नकोस, तान्ह्याला तर आणूच नकोस. ती चिडली. आई काय तुझ्या एकटीची आहे का, म्हणाली.

३० जुलै
ताई दार बडवतेय. बाळ रडतंय. त्या आवाजाने आई वळली. चार दिवसांत पहिल्यांदा. दाराकडे निघाली.

कुलूप आतून आहे. किल्ली मघाशीच मोरीत टाकली, वर बादलीभर पाणी ओतलं. आई कुलूप चाचपतेय. एकदाच बघू दे म्हणतेय, लांबून तरी —