समोरचे अकरा

आजोबा,

तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणूनच मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला बसले की रुग्णाच्या फाईलसारखी वाक्यं येतात, आणि तुमच्या फाईलमध्ये मी तेव्हा जे लिहिलं तेवढं पुरे आहे. ‘आजोबा’ हा शब्द तुमच्यासमोर एकदाच, चुकून, तोंडून गेला होता. तुम्ही अर्थ विचारलात, मी सांगितला, तर म्हणालात, “लग्नाशिवाय थेट आजोबा? मेयोमध्ये हे मोठ्यानं बोलू नकोस, कोच. पाद्री घरी येईल.” तुम्ही मला कोच म्हणायचात, कारण मी तेवीस वर्षांची होते आणि तुमच्यासारख्या दारभर माणसाला ऊठ-बस करायला सांगत होते.

नागपूरहून आयर्लंडला, ह्या मेयो परगण्यात येऊन मला चारच महिने झाले होते. कासलबारबाहेरचं ते लहानसं पुनर्वसन केंद्र, मोडलेल्या हाडांची माणसं तिथे पुन्हा चालायला शिकायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, फिजिओथेरपीची पदवी घेतलेली, आणि माझ्या हातून जग चालू लागेल अशी माझी पक्की समजूत होती. तुम्ही परसात घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं होतं. डॉक्टरांनी स्क्रू घालून ते जोडलं आणि तुम्हाला आमच्याकडे पाठवलं. पहिल्या दिवशी मी फाईल उघडून विचारलं, “आधी काय काम करत होता?” तुम्ही म्हणालात, “माणसं पाडत होतो.” मी पेन खाली ठेवलं. मग कळलं, की बाराव्या वर्षी तुम्ही इथून मामाकडे अमेरिकेला गेलात आणि मोठेपणी तिथल्या फुटबॉलमध्ये, तो अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याच्या खेळात, सात हंगाम व्यावसायिक संघाच्या बचाव फळीत होतात. चेंडू कधी तुमच्या हातात यायचा नाही. तो घेऊन पळणाऱ्याला जागच्या जागी आडवं करणं, म्हणजे टॅकल, एवढंच काम. तुमची बोटं चार दिशांना वळलेली होती. “ही दुसऱ्या हंगामातली, ही चौथ्या,” असं तुम्ही ती दाखवायचात, जशी माझी आई लग्नातली भांडी दाखवते.

तुम्हाला घरी जायचं होतं. बाकी काही नको होतं. पण तुमच्या घरात निजायची खोली वरच्या मजल्यावर आणि जिना अकरा पायऱ्यांचा. शुक्रवारच्या बैठकीत ठरायचं होतं: कठडा धरून अकरा पायऱ्या चढलात तर घर, नाहीतर वृद्धाश्रम. “समोरच्या संघातही अकराच असतात,” असं म्हणून तुम्ही आमच्या सरावाच्या जिन्याला शिव्या घालायचात. मी रोज पायथ्याशी फाईल घेऊन उभी. दुखतंय का? “ग्रँड,” म्हणजे झकास. इथे पाऊस ग्रँड, चहा ग्रँड, उपचाराला तीन तास थांबणंही ग्रँड, हे महिन्याभरात मला कळलं होतं आणि कळल्याचा अभिमानही होता. तरी मी रोज फाईलमधल्या वेदनेच्या रकान्यात लिहीत गेले: वेदना नाही.

गुरुवारी सातव्या पायरीवर तुमचा पाय निसटला. मी खालून तुम्हाला धरायला धावले आणि आपण दोघंही खाली आलो, तुम्ही वर, मी खाली. वेदनेनं पांढरे पडलेले असतानाही तुम्ही म्हणता आहात, “सात हंगामांत इतकं भिकार टॅकल मी बघितलं नाही, कोच.” आमच्या विभागाच्या प्रमुख बाई धावत आल्या. तपासणीत निघालं, की खुब्यातला स्क्रू बरेच दिवस हललेला होता. इतके दिवस तुम्हाला प्रत्येक पायरी सुरीसारखी लागत असणार. बाईंनी फाईल उघडली, माझं अक्षर वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नवीन होते, सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर होते. त्या काही बोलण्याआधी तुम्हीच स्ट्रेचरवरून म्हणालात, “तिला काही बोलू नका. मी खोटं बोललो. माझं खोटं संघाच्या डॉक्टरला सात वर्षांत पकडता आलं नाही, ह्या पोरीला काय कळणार?”

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मी तुमच्या खाटेशी आले तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. “मी पायऱ्या चढत होतो तेव्हा तू कागदाकडे का बघत होतीस?” एवढंच विचारलंत. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, “पण तुम्ही खरं का नाही सांगितलंत?” तेव्हा तुमच्या तोंडून सोमवारची गोष्ट ऐकली. दर सामन्यानंतर सोमवारी डॉक्टर विचारायचा आणि सगळी फळी एका सुरात सांगायची, काही नाही. दुखतं म्हणालं की आपल्या जागी दुसरा उभा राहतो आणि ती जागा परत मिळत नाही. सातव्या हंगामात गुडघा इतका सुजला की एका सोमवारी तुम्ही खरं सांगितलंत. बुधवारी खेळाडूंच्या खोलीतल्या तुमच्या कपाटावर दुसऱ्याचं नाव होतं. “जन्मात एकदाच खरं बोललो, कोच. तू म्हणालीस शुक्रवारी बैठक आहे. मी ऐकलं, सोमवार आहे.”

पुढच्या बैठकीत मी पहिल्यांदाच हात वर केला. विचारलं, अकरा पायऱ्या चढायच्याच कशाला? खाट खाली आणू. मागच्या दाराशी न्हाणीघर आहे, समोरची खोली रिकामी आहे. सगळ्यांना पटलं, फक्त तुम्हाला नाही. “ती पाहुण्यांची खोली! आमच्याकडे तिथे पाद्री बसतो, नाहीतर मेलेला माणूस निजतो.” मी म्हणाले, “मग तुम्ही तिसरे.” तुम्ही म्हणालात, “हे टॅकल बरं होतं.”

तुम्ही घरी गेल्यावर मी भेटायला आले, ते तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. कोळशाची शेगडी धगधगते आहे, काळा कडक चहा समोर आहे, तुम्ही जुन्या सामन्याची व्हिडिओ कॅसेट लावली आहे आणि तीच दहा सेकंदं पुन्हा पुन्हा मागे नेता आहात. “कुठे बघते आहेस?” “चेंडूकडे.” “चूक. चेंडू फसवतो, डोळे फसवतात, खांदे तर अट्टल लबाड. कमरेकडे बघ. कंबर जाते तिकडेच माणूस जातो.” मी विचारलं, “ह्यात तुम्ही कुठे आहात?” तुम्ही पडद्यावरच्या माणसांच्या ढिगावर बोट टेकवलंत. “सगळ्यांत खाली. दिसत नाही ना? म्हणजे काम नीट झालं.” निघताना ती कॅसेट तुम्ही माझ्या कोटाच्या खिशात कोंबलीत.

त्या वर्षी मी सुटीवर नागपूरला गेले. माझे बाबा मार्केटमध्ये संत्र्यांच्या पेट्या उचलायचे. फोनवर दर रविवारी मी पाठीचं विचारायचे आणि ते म्हणायचे, “काही नाही झालं मले. तू तिकडचं पाह्य.” त्या सकाळी मी काही विचारलंच नाही. ते अंगणात पाण्याची बादली उचलताना नुसती बघत उभी राहिले. बादली उजव्या हातात होती आणि कंबर डावीकडे पळत होती. “बाबा, ठेवा ती बादली.” “कावून?” “ठेवा म्हणते ना.” त्यांनी ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा म्हणाले, “दोन वर्ष झाले पोरी. तुले कोणं सांगितलं?” मी काय सांगणार होते? मेयोतल्या एका आजोबांनी. आज बाबांची पाठ बरी आहे आणि पेट्या दुसरं कोणी उचलतं.

तुम्ही दोन वर्षं त्या पाहुण्यांच्या खोलीत निजलात आणि तिथूनच गेलात. सगळं गाव चहा-सँडविच घेऊन रांगेनं तुम्हाला बघायला आलं, मीही आले. मी खाली आणवलेल्या त्याच खाटेवर तुम्हाला ठेवलं होतं. मी इतकी रडले, की तुमच्या शेजारच्या बाईंनी मला नातेवाईक समजून पुढच्या खुर्चीत बसवलं, आणि मी ती चूक दुरुस्त केली नाही.

आता २००७ उजाडलं आहे. मी नावन नावाच्या दुसऱ्या गावात आहे. माझ्या हाताखाली नव्या मुली शिकायला येतात, आणि पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातातली फाईल काढून घेते. त्या विचारतात, आधीच्या कोणाची काही चूक झाली होती का? मी म्हणते, हो, एका मुलीला रुग्ण ‘ग्रँड’ म्हणाला आणि तिला ते खरं वाटलं.

हे पत्र कॅसेटबरोबर प्रेसमध्ये जाईल. कपाटाला मी आता इथल्यासारखं प्रेसच म्हणते. पण त्याआधी एक सांगायचं राहतं. मला ते खरं वाटलं नव्हतं, आजोबा. मंगळवारी चौथ्या पायरीवर तुमची बोटं कठड्याभोवती पांढरी पडलेली मी पाहिली होती. माझ्या हातून घरी जाणारे तुम्ही पहिले ठरणार होतात, आणि रविवारी बाबांना फोनवर काय सांगायचं ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हणून मी मान खाली घातली आणि लिहिलं. तुम्ही स्ट्रेचरवरून माझी बाजू घेतलीत तेव्हाही मी गप्प राहिले. तुम्ही कायम कमरेकडे बघायचात. त्या दिवशी माझी कंबर कुठे वळली होती, ते तुम्हाला दिसलंच असणार.