अक्षर मुकुलचं

बिशान, सिंगापूर
८ जून २००६

चि. सौ. सरोजिनीस अ. उ. आ.

अक्षर मुकुलचं, बोलणं माझं. काचबिंदूने आता माझ्यापुढे फक्त उजेड आणि सावली ठेवली आहे. ऐकूही कमी येतं, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. टपाल मुकुलच रविवारी वाचून दाखवतो. तुझं मात्र एप्रिलपासून एकही पत्र नाही. रुसलीस की काय?

संध्याकाळी खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळाशी असतो त्या मोकळ्या जागेत, शेजारचे कोह माझ्या कानाशी बसून चिनी दरबारच्या गोष्टी सांगतात. परवाची ऐकून मी गार पडलो. एका मिंग बादशहाला सुतारकामाचं वेड होतं. रंधा हातात घेतला की तो जग विसरे, आणि नेमकं तेव्हाच त्याचा मर्जीतला खोजा राज्यातले अर्ज घेऊन येई. बादशहा वैतागून म्हणे, तूच बघ. एवढ्या आधारावर त्या खोजाने विरोधकांना तुरुंगात घालून मारलं, आणि बादशहाला गंधवार्ता नाही! पुढे धाकटा भाऊ गादीवर आला, त्याने खोजाला हाकललं, तेव्हा खोजाने वाटेतच गळफास लावून घेतला. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हे कधी वाचलं नव्हतं.

विश्वासरावांना विचार, तुमच्या घरात बादशहा कोण? त्यांच्या पायाची सूज उतरली का? लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझा,
प्रबोधदादा

सातारा
२३ जून २००६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उघडलं आणि पहिल्याच ओळीत 'सौ.' वाचून मी ते मिटून ठेवलं. हे जाऊन बेचाळीस दिवस झाले. मी तीन पत्रं लिहिली, दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मुकुल म्हणाला, बाबा झोपलेत. आणि तू यांच्या पायाची सूज विचारतोस!

पत्र पुन्हा वाचलं. त्या खोजापाशी आले आणि कळलं, माझी पत्रं कुणी अडवली.

मुकुल, हे दादा वाचत नाही, तू वाचतो आहेस. सगळं माहीत असताना तुझ्या हाताने 'सौ.' लिहिलं गेलं तरी कसं? दादाने माझ्याबरोबर रडावं, एवढंच मला हवं आहे. त्याच्याशिवाय माझ्या माहेरचं कोणी उरलेलं नाही. हे त्याला वाचून दाखव.

सरोजिनी

बिशान
४ जुलै २००६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

जानेवारीत बाबांना दुसरा अटॅक आला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की कसलाही धक्का नको. आतोबांची बातमी आली तेव्हा वाटलं, महिनाभर थांबू. महिना गेल्यावर सांगायला तोंड उरलं नाही. बाबा सांगत होते तसं लिहिताना 'सौ.' सवयीने उमटलं. लक्षात आलं तेव्हा खोडायला पेन टेकवलं. खोडलं असतं तर तुला जास्त लागलं असतं, म्हणून तसंच राहू दिलं.

बाबांना काही झालं तर ते माझ्या हातून होईल, ही भीती अजून आहे. तरीही रविवारी वाचतो. रागव, पण मला टाकू नकोस.

मुकुल

बिशान
११ जुलै २००६

चि. सरोजिनीस आशीर्वाद.

हे मी स्वतः मार्करने लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घे.

मुकुलने तुझी चारही पत्रं एका बैठकीत वाचली. विश्वासराव गेले, आणि मी तुला थट्टा पाठवली! मुकुलला खोलीतून जा म्हणालो. दोन दिवस त्याच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, वाईट काही असेल तर माझ्यापर्यंत आणू नकोस. मरणाची भीती वाटली होती गं. त्याने ऐकलं, इतकंच.

विश्वासराव शेवटी काय बोलले, जवळ कोण होतं, तू त्या दिवसापासून जेवतेस का, सगळं लिही. माझ्यासाठी काही गाळू नकोस.

कोह पत्ता लिहून हे पोस्टात टाकायला तयार होते. मी नको म्हटलं. पाकीट न चिकटवता मुकुलच्याच हातात देतो आहे. तुला पोचलं तर लगेच उत्तर पाठव. तोवर माझ्या जिवाला थारा नाही.

दादा