शेवटच्या पानावरचा छापा

शनिवार, ८ फेब्रुवारी २०१४. पेण

पासपोर्टला कव्हर घातलं. खाकी कागदाचं, शाळेच्या वहीला घालायचो तसं. मागची घडी मुद्दाम मोठी ठेवली, म्हणजे शेवटचं पान निम्मं झाकलं जातं. छापा तिथेच आहे. एजंटनं तेव्हाच सांगितलं होतं — दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर तो येतोच, परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या तपासणीसाठी. फिरायला जायला काही अडचण नाही म्हणाला. मला अडचण आहे!

दिनानाथमामाला दाखवला तर हसला. "शेवटचं पान कोण उघडतो रे? लोक फोटो बघतात."

हे स्थळ मामानंच आणलं. रोह्याचे हैबतराव, एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते, आता रिटायर. मुलगी सरिता, घरात सरू म्हणतात. डी.एड. झालेली, नोकरी लागली नाही म्हणून घरी शिकवण्या घेते. मामानं माझं सांगितलं — बी.कॉम., डोलवीला कंपनीत सुपरवायझर. मी दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा इंग्रजीत गेलो. कंपनीत आहे हे खरं, पण कंत्राटदाराकडे, वजनकाट्यावर. ट्रकचा नंबर लिहायचा, भरलेलं वजन, रिकामं वजन. अक्षर चांगलं आणि चूक करत नाही म्हणून पाच वर्षं टिकलोय.

चहा-पोहे झाले असते तर अर्ध्या तासात सुटलो असतो. पण हैबतराव म्हणाले, "अर्धा तास रेडापण गप उभा ऱ्हातो. आम्ही लंकेला चाललोय, तुम्हीपण चला. आठ दिवसांत माणूस कळतो." मामा लगेच हो म्हणाला. मला विचारलंसुद्धा नाही.

आईनं दोन स्वेटर दिलेत. उकडून मरणार.

रविवार, ९ फेब्रुवारी. निगोंबो

पहिला धक्का मुंबई विमानतळावरच. खिडकीतला अधिकारी म्हणाला, "कव्हर काढा." काढलं. माझ्यामागे हैबतराव उभे! त्यांची नजर पाटीवर होती. शिक्का मारून झाल्यावर मी तिथेच उभा राहून घडी परत घालत बसलो. मागची माणसं ओरडायला लागली.

आम्ही अकरा जण. नेणारे मोरूभाऊ, रोह्याचेच, वर्षातून दोन सहली काढतात. विमानात त्यांनी लंकेत उतरल्यावर द्यायचे कागद वाटले. इंग्रजी, मोठ्या अक्षरांत भरायचे. हैबतरावांनी तिघांचे माझ्या हातात दिले. "घ्या जगनराव, तुम्ही शिकलेले." मग खांब गावच्या काशीबाईंनी त्यांचा दिला. एकट्याच आल्यात, सत्तरीच्या असतील, मुलांनी पाठवलंय. मोरूभाऊंच्या नमुन्यावरून एकेक अक्षर उतरवलं. अक्षर तर बरोबर आलं. एका ओळीचा अर्थ कळला नाही, तिथे मोरूभाऊंनी जे लिहिलं होतं तेच सगळ्यांना लिहिलं.

काशीबाई बघत होत्या. "पोरीसाठी इमानात बसलास व्हय? आमचा म्हातारा तर बैलगाडीतपण बसला नव्हता. मला बघायला भावाला पाठवलान."

सगळे हसले. सरूपण. मी तिच्याकडे पहिल्यांदा तेव्हाच नीट बघितलं.

सोमवार, १० फेब्रुवारी. अनुराधपूर

पाच तास गाडीत. मामा हैबतरावांच्या शेजारी बसून माझ्या कॉलेजच्या गोष्टी सांगत होता. मला मागे सगळं ऐकू येत होतं. पेणहून पनवेलला रोज जायचो म्हणे, उभ्यानं अभ्यास करायचो. मला कधी नव्हे ते स्वतःबद्दल वाईट वाटलं — जो पनवेलला जायचा त्याच्याबद्दल.

बोधिवृक्ष बघितला. चपला बाहेर, दगड तापलेले. आमचा तिथला वाटाड्या निहाल, हिंदी बोलतो. दोन हजार वर्षांहून जुना पिंपळ आहे म्हणाला. फांद्यांना सोनेरी टेकू लावलेत. लोक पांढरे कपडे घालून नुसते बसले होते, कुणी काही मागत नव्हतं की बोलत नव्हतं. मलाही तसंच बसावंसं वाटलं. पण हैबतरावांनी हाक मारली, "जगनराव, ह्या पाटीवर काय लिवलंय?" मी म्हटलं, उन्हानं डोळे दुखतायत. सरूनं वाचून दाखवली.

हॉटेलवाल्यानं सगळ्यांचे पासपोर्ट ठेवून घेतले. सकाळी मिळतील. जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पासपोर्ट सरूनं वाटले! मोरूभाऊंनी गठ्ठा तिच्याच हातात दिला. बाकीच्यांचे प्लॅस्टिकच्या कव्हरात, आरपार दिसणारे. माझाच खाकी, वर नाव नाही. कुणाचा म्हणून तिला उघडावा लागला असणार. कुठून उघडला? पुढून की मागून?

देताना म्हणाली, "कव्हर छान घातलंय."

एवढंच. दिवसभर तेच वाक्य डोक्यात. स्तूप दोन बघितले की तीन, आठवत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी. सिगिरिया

मागून उघडला होता.

सिगिरिया म्हणजे रानात उभा एकच प्रचंड खडक. बाराशे पायऱ्या. हैबतरावांनी खालूनच नमस्कार केला. शांतीकाकूंचे, म्हणजे सरूच्या आईचे, गुडघे दुखतात. काशीबाई म्हणाल्या, "वर काय हाय? राजा हाय का आता? मग?" मामानं मला ढकललं — "तुम्ही दोघं जाऊन या." निहाल पुढे, आम्ही मागे.

मध्यावर गोल जिन्यानं चढून गेलं की खडकाच्या खोबणीत रंगवलेल्या बायका आहेत. पंधराशे वर्षांपूर्वीच्या. रंग कालच दिल्यासारखा. पुढे एक लांब भिंत. पूर्वी आरशासारखी गुळगुळीत होती म्हणे. निहालनं दाखवलं — हजार-बाराशे वर्षांपूर्वी बघायला आलेल्या लोकांनी तिच्यावर बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय. त्या बायकांबद्दल, वाऱ्याबद्दल, आपण कुठून आलो ते. राजे नव्हेत, साधी माणसं. मी अक्षरं बघत उभा राहिलो. एकाही ओळीची खालची पातळी सुटलेली नाही.

सरू म्हणाली, "तुम्ही दहावी नाय ना?"

मी भिंतीकडेच बघत राहिलो.

"आमच्या आत्याचा पोरगा गल्फला गेला, त्याच्या पासपोर्टवर हाच छापा होता. म्हणून कळलं."

मी म्हटलं, "दोनदा बसलो. इंग्रजी."

"मग बी.कॉम. कोणी सांगितलं?"

"मामानं. मी गप्प बसलो."

ती पुढे चालायला लागली. सिंहाच्या पंजांशी आल्यावर थांबली. मोठे दगडी पंजे, त्यांच्या मधून वरचा जिना. म्हणाली, "मी बाबांना काय सांगणार नाय. तुमचं तुम्ही बघा."

मग वर गेलो. वरून सगळं रान दिसतं. तिनं माझा फोटो काढला. मी म्हटलं, हसू येत नाही. म्हणाली, "नका हसू. तसाच काढते."

उतरताना मला हलकं वाटलं. का, ते कळत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. कँडी

आज सांगणार होतो. गाडीत मामा शेजारी. देवळात ढोल. बुद्धाचा दात आहे तिथे, दिसत नाही, नुसती सोन्याची पेटी दिसते आणि तीही लांबून. काशीबाई म्हणाल्या, "दात बगायला आनला आनि डबा दावून पाठवला!" निहालला मराठी कळत नाही ते बरं.

हैबतराव खूश होते. "जगनराव, आमच्या आळीत तुमच्यासारखा एक पोरगा नाय. सिगरेट नाय, मोबाईलमध्ये डोकं नाय." मी आता तरी बोलायचं होतं. पाणी आणायला गेलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पौर्णिमा. इथे सुट्टी असते, दारूची दुकानंही बंद. मामाचं तोंड उतरलेलं. त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, मी हैबतरावांना सांगतो. तो चिडला. "सांग! आणि माझी काय म्हणून ओळख देशील? खोटारडा मामा? तुझ्या बापामागं तुम्हाला मी बघितलं, त्याचं हे?" मग स्वतःच मऊ झाला. "अरे, लग्नानंतर सांगू. पोरगी चांगली हाय रे. तुझं कल्याण व्हावं म्हणून बोललो."

मामा वाईट नाही. हेच तर दमवतं.

सरू दिवसभर माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. मला भात हवा का विचारलं. तिनं रागावून दाखवलं असतं तर सोपं गेलं असतं.

उद्या. उद्या नक्की. परवा विमान आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी. नुवारा एलिया

सांगितलं!

थंडी आहे इथे. आईचे दोन्ही स्वेटर घातले. गावाबाहेर ओढ्याकाठी सीतेचं देऊळ आहे. सीतेला इथेच ठेवलं होतं म्हणतात. दर्शन करून हैबतराव पायरीवर बसले होते, शेजारी सरू माकडांना लांबून हुसकावत होती. मामा चहा प्यायला गेलेला. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सगळं बोललो. बी.कॉम. नाही. दहावी नाही. सुपरवायझर नाही. काट्यावर आहे, कंत्राटी. पाठ केलं होतं तरी दोनदा अडखळलो.

हैबतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कामावर जातोस रोज?"

"एक खाडा नाय."

"तीस वर्षं स्टँडवर काढली मी. गाडी उशिरा आली की डायव्हर कारण सांगतो. मी कारण नाय ऐकत, तोंड बगतो. तुझं तोंड पहिल्या दिवसापासून बगतोय. शांतीला बोललो, पोराच्या पोटात कायतरी हाय. मला वाटलं दारू असंल."

मग तेच पुढे म्हणाले,

"दहावीचं काय, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. सरू शिकवील." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "पण कुणी विचारलं नाय, कुणी पकडलं नाय, तरी तू स्वतःहून येऊन सांगितलंस. हे मोठं हाय, जगन."

जगनराव नाही, जगन. मी मान खाली घातली. सरूनं आमच्याकडे बघितलं आणि परत माकडांकडे वळली.

मामा चहा घेऊन आला तेव्हा हैबतराव त्याला एवढंच म्हणाले, "दिनानाथराव, पोरगा तुमच्यापेक्षा बरा निघाला." मामाचे कान लाल! नंतर गाडीत माझ्याशी बोलला नाही. निवळेल.

किती दिवसांनी पोटभर जेवलो.

रविवार, १६ फेब्रुवारी

परत. कोलंबोत समुद्र बघितला, आपल्यासारखाच आहे. विमानतळावर कव्हर स्वतःच काढून टाकलं. विमानात झोपलो ते मुंबई येईपर्यंत. पेणला उतरताना शांतीकाकूंनी उरलेले लाडू बांधून दिले. सरू खिडकीशी होती. हात केला. तिनंही केला, असं वाटलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पहिली पाळी. ट्रकांची रांग गेटबाहेरपर्यंत. आई विचारते, पुढे काय? रोह्याहून फोन येईल, म्हटलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मामा बोलायला लागला. सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी केली, जुन्या शाळेतून दाखला लागेल.

रविवार, २३ फेब्रुवारी

हैबतरावांचा मामाला फोन. त्यांचा होकार होता. सरू नाही म्हणाली. कारण त्यांनाही सांगत नाही.

दुपारी तिनं मला केला. म्हणाली, "बाबा बोलले, कुणी पकडलं नाय तरी स्वतःहून सांगितलंस. मी तिथंच होते. तुम्ही गप्प बसलात."

मग तिनं विचारलं,

"मी पासपोर्ट बघितला नसता, तर सांगितलं असतंत?"

व्हय, असं तोंडापर्यंत आलं होतं.

नाय म्हणालो.