आठवडाभर चेंडू नाही

हॅगवर्थ, १० नोव्हेंबर १९०८

प्रिय आई,

मी धडधाकट आहे. घरमालकीण मिसेस पिकल्स कांदा घालून वजडी वाढते, तीही पोटभर.

शनिवारी मोकळ्या गोलासमोरून मी चेंडू बाहेर मारला, हे बाबांनी पेपरात वाचलंच असेल. "पगारी खेळाडू म्हणे!" असं खाणीवर कोणी म्हणालं, तर त्यांनी सांगावं की या पगारी खेळाडूला सोमवार ते शुक्रवार चेंडूचं दर्शनही होत नाही. आमचे ट्रेनर ऑगलसाहेब तो कपाटात कुलूप लावून ठेवतात. म्हणे, "आठवडाभर उपाशी ठेवलं की शनिवारी तुटून पडाल!" आम्ही नुसते दोरीवरच्या उड्या मारतो आणि मैलोन्‌मैल चालतो. काल मी विचारलं, "साहेब, सुताराचा रंधा पाच दिवस लपवून सहाव्या दिवशी त्याच्याकडे टेबल मागता का?"

"जीभ बरी चालते तुझी. आता पाय चालव," म्हणाले, आणि चार मैल जास्त चालवलं.

येत्या शनिवारी चुकलो, तर राखीव संघात टाकतील. मग पुढचा करार नाही, पुन्हा खाण. पण तू काळजी करू नकोस. गुडघ्याची सूज उतरतेय. बाबांचा खोकला कसा आहे?

एक काम कर. तू चिंध्यांचा शिवलेला माझा चेंडू शोध आणि पार्सलात तळाशी घालून पाठव. वर मोजे ठेव, कारण मिसेस पिकल्स ऑगलसाहेबांची सख्खी बहीण आहे. लहानपणी तो माझ्यापासून लपवायचीस ना? आता माझ्यासाठी लपव.

तुझा वैतागलेला,
सेथ