दसऱ्याचा लाल टिपका

सर, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज मी त्या कार्डाबद्दल लिहायला बसले आहे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सातपूरच्या आपल्या कारखान्यात दोनच कॉम्प्युटर होते, एक परदेशी कंपनीचा आणि दुसरा त्याच्यावर बेतून मुंबईत जुळवलेला. नव्या प्रोसेसरचं कार्ड बसवलं तर जुनी मशीनं वेगानं चालतील, हे मॅनेजरसाहेबांना तुम्हीच पटवलंत. जुना प्रोसेसर काढायचा आणि त्याच्या सॉकेटमध्ये कार्डाची वायर बसवायची. परदेशी मशीनवर ते लगेच चाललं. "दोघं जुळे भाऊ ना? मग दुसऱ्यावर दाखवा. नाही चाललं तर तुमची खुर्ची स्टोअरमध्ये," साहेब म्हणाले. ते हसत होते, पण थट्टा नव्हती. "जुळेच आहेत साहेब, पण एखादा डावखुरा निघतो," तुम्ही म्हणालात.

वायर उलटी बसली तर कार्ड जळतं, म्हणून सॉकेटच्या पहिल्या पिनेपाशी तुम्ही काकूंच्या नेलपॉलिशचा लाल टिपका लावायचात. त्या दुपारी साहेब शेजारी उभे आहेत आणि तुमचा चष्मा घरी राहिला आहे. "बघ गं, खूण आहे का?" मी वाकते. "आहे, सर." "नक्की? या मशीनला लावल्याचं आठवत नाही मला." साहेब घड्याळ बघतात. "लाल टिपका आहे, सर," म्हणत मी वायर दाबून बसवते. तुम्ही बटण दाबता. काहीच होत नाही, आणि मग करपल्याचा वास येतो.

"खूण माझीच चुकली, साहेब," तुम्ही म्हणालात. मला म्हणालात, "चहा पिऊन ये पोरी."

सगळे गेल्यावर मी त्या टिपक्यावर बोट फिरवलं. बोट लाल झालं. आठच दिवसांपूर्वी दसऱ्याच्या पूजेला त्या मशीनचं कव्हर उघडं होतं, म्हणून मी आत सॉकेटच्या कडेलाही कुंकू लावलं होतं. हळद पहिल्या मशीनवरच संपली होती, म्हणून तिथे नुसताच लाल टिपका राहिला.

निवृत्तीपर्यंत तुम्ही स्टोअरमध्ये बसलात. मी रोज डबा घेऊन तिथे यायचे, सांगायचं ठरवून यायचे. एकदा जेवता जेवता तुम्ही म्हणालात, "तो टिपका मी कधी लावला, काही केल्या आठवत नाही बघ. डोकं चालेनासं झालंय." मी तुम्हाला आणखी भाजी वाढली.

या पत्रासाठी मी पाकीट आणलेलं नाही. तुम्ही काहीही विसरला नव्हता, सर. भाजी वाढताना मला ते माहीत होतं.