पलटणीतलं कोणी मरत नाही

५ जानेवारी २०२५, रविवार

चाचा नाही म्हणाले.

सकाळच्या एसटीनं मी आणि वकार अमरावतीहून अकोला, तिथून बाळापूर. दोन वर्षांचं काम एका लॅपटॉपमध्ये. रऊफ चाचांचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची खोली, लाकूड कातायला एक लेथ, आणि भिंतीच्या फळीवर उभी त्यांची लाकडी पलटण. घोडेस्वार, लोहार, गाडीवान, पहारेकरीण — एकतीस बाहुले. चाचांचं नाव छापलेल्या डब्यात ती विकत मिळायची; लहानपणी तिवशाला मी ही पलटण ओसरीभर मांडायची. म्हणून तर तिचा कॉम्प्युटर गेम करायचं डोक्यात आलं. कोड माझा, चित्रं वकारची. दोन किल्ले, दोन पलटणी. पाळी वगैरे नाही, दोघांनी एकाच वेळी लाकूड जमवायचं, बाहुले बनवायचे आणि समोरच्याचा किल्ला घ्यायचा.

चाचांनी सगळं मन लावून पाहिलं. मग तोफ उडाली, घोडेस्वाराच्या ढलप्या झाल्या. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"त्याले काहून मारलं?"

"चाचा, लढाई आहे ना."

"माहे बाहुले मरत नाई, बेटा. मी सही नाई करत."

त्यांच्या सहीशिवाय गेम बाहेर पडणार नाही. गेम बाजारात आणणाऱ्या बंगळूरच्या कंपनीला फेब्रुवारी संपायच्या आत परवानगीचा कागद हवाय. येताना वकार अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

६ जानेवारी

बोलला. "जंगमध्ये कोणी मरत नाही, तर काय सगळे मिळून चहा पितात?"

९ जानेवारी

ढलप्या काढल्या. आता मार बसला की बाहुला धुरात गायब होतो. चाचांना व्हिडिओ पाठवला. दोन शब्दांचं उत्तर आलं — "गेला कुठं?"

१२ जानेवारी, रविवार

एकटीच गेले बाळापूरला. चाचा नमाजला गेले होते. हलीमाबी चाची अंगणात बाहुले रंगवत होत्या. रंग वाळलेला एकेक बाहुला फरशीवर उभा करायच्या, बोटानं ढकलायच्या. पडला की उचलायच्या, परत उभा करायच्या.

"चाची, हे काय?"

"पडल्यावर धड उभा राहते का, पाहून राहिली. लेकरं पाडतातच. पण पाडते तेच लेकरू उचलते बी."

मी तिथंच वही काढली. चाचीनं पुढ्यात ठेवलेला चहा निवला, तरी लिहीतच होते. बाहुला मरणार नाही, पडेल. शेजारच्यानं थांबून त्याला उचलायचं — तीन सेकंद. तेवढा वेळ उचलणाऱ्याला लढता येणार नाही. सगळी पलटण आडवी झाली आणि उचलायला कोणी उरला नाही की हार. म्हणजे प्रत्येक वेळी ठरवायचं, पुढं जायचं की मागं वळायचं. हे आधीपेक्षा चांगलंय. कितीतरी चांगलं!

२० जानेवारी

नवा नियम चालू. मी आणि वकार खेळलो. एक तास चाळीस मिनिटं, तरी संपेना. हा त्याला उचलतो, तो ह्याला. शेवटी वकारनंच प्लग काढला.

२१ जानेवारी

चाचीला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "पाचदा पडला की रंग उडते," त्या म्हणाल्या. "मंग तो माह्याकडे येते."

एवढंच. आता किल्ल्यामागं रंगाची खोली आहे. पाच वेळा पडलेला बाहुला तिकडं जातो, रंग वाळेपर्यंत बाहेर येत नाही. आजचा डाव अकरा मिनिटांत संपला. मी हरले, तरी पोहे मीच मागवले.

२ फेब्रुवारी, रविवार

आवाज भरायला बाळापूरला. बाहुल्यावर क्लिक केलं की त्यानं काहीतरी बोलायचं असतं. खिडक्यांना गोधड्या लावल्या. वकारनं छापून आणलं होतं — "आज्ञा द्यावी", "मी सज्ज आहे". चाचांनी कागद लांब धरून वाचला. चाची तोंडाला ओढणी लावून हसत होत्या.

"असं कोन बोलते?"

मग वकारनं कागद घडी करून खिशात टाकला, म्हणाला, तुम्हीच बोला.

चाचांचा गाडीवान : "चाललो ना बापा. बैल हाय, उडतं इमान नाई."

चाचींची पहारेकरीण : "पाहून राहिली मी. आंधळी नाई." आणि पुन्हापुन्हा क्लिक केलं तर : "एकडाव सांगतलं ना."

मधेच शेजारची बकरी ओरडली. तीही ठेवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

चाचा माझ्याशी खेळले. माऊस धरायला आधी जड गेलं, मग हात बसला. खरं तर जिंकतच होते. माझ्या दारात त्यांची तीस माणसं. तेवढ्यात त्यांचा एक गाडीवान पार नदीकाठी पडला. चाचांनी सगळी पलटण माघारी वळवली. मी मागून त्यांचा किल्ला घेतला.

"चाचा, एका गाडीवानासाठी?"

"एकटाच पडला होता थो."

वकार उठून खिडकीशी गेला. तिथूनच म्हणाला, "दामिनी, हाच गेम आहे."

मी परवानगीचा कागद काढला. चाचांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "पुढच्या रविवारी ये." चाची उठून आत गेल्या.

२० फेब्रुवारी

आता काय अडलंय? खेळले, हसले, आवाजही दिले. मग सही का नाही? कामात लक्ष नाही. वकारला विचारलं तर तो म्हणतो, रविवार लांब नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

चाचांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि शेजारी बसलेल्या चाचीकडे बोट केलं. "एकतीसच्या एकतीस हिचे हायेत. मातीत पयले हिनं केले, चेहरे हिचे, नावं हिचे. मी नुसतं लाकूड कातलं. तवा दुकानदार बाईच्या हातचा माल घेत नव्हते, म्हणून डब्यावर माहं नाव टाकलं, ते तसंच राहिलं. जे माहं नाई, ते मी कसं देऊ?"

कागद चाचीपुढं सरकवला. चाचींनी रंगाची बोटं ओढणीला पुसली आणि उर्दूत, सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहिलं.